मुळांसारखी अक्षरं, गोधडीसारखं जॅकेट

गणपतीत भाचा घरी आला तेव्हा त्याच्या अंगात काळा टी-शर्ट होता आणि छातीवर पांढऱ्या रेघांचं एक जाळं. आमची आत्या पंचाहत्तरीची. तिने चष्मा नाकावर सारखा करून बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "ही कुठल्या झाडाची मुळं रे?" भाचा म्हणाला, "आजी, ते नाव आहे. बँडचं." "नाव आहे तर वाचता का येत नाही?" यावर भाच्याने माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात असताना मामाही असलंच काहीतरी ऐकायचा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि ते कुणीच अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

आरतीच्या गडबडीत मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता. जे नाव मिरवायचं तेच वाचता येऊ नये अशी व्यवस्था कुणी का करेल? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हेवी मेटल म्हणतात तो आवाज कुठून आला, तिथपासून सांगावं लागतं.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, साठचं दशक. कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि गिटार वाजवायचा. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली उजव्या हाताची मधली दोन बोटं सापडली आणि त्यांची टोकं तुटली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, घासूनपुसून गुळगुळीत केली, वर चामडं चिकटवलं. तरी जाड तारा दाबता येईनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून गिटारच खाली उतरवली. त्याच्या बँडच्या १९७१ च्या अल्बमवर काही गाण्यांत ती नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर. आपल्याकडे काळी एक ही पुरुष गायकाची अगदी घरगुती पट्टी. पण विजेच्या गिटारीची जाड तार तिथे आणून सैल सोडली की ती गुरगुरते. या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. हेवी मेटलची जन्मतारीख बहुतेक लोक हीच धरतात.

त्या अल्बमचं पहिलंच गाणं तीन स्वरांवर उभं आहे: सा, मग वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम, तो मात्र धरून ठेवलेला. युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणत. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट मेटलवाले आवडीने सांगतात, पण ती बरीचशी फुगवलेली आहे. टाळायचा स्वर होता, इतकंच. आपल्या कानाला तीव्र मध्यमाची भीती नाही, यमनात तो किती गोड लागतो. पण मारवा आठवा. पंचम नाही, कोमल रिषभ आहे, तीव्र मध्यम आहे, आणि संध्याकाळी उगाच जिवाला हुरहुर लागते. ती अस्वस्थता घ्या, लय मंद करा, आवाज दहापट वाढवा. सॅबथ झालं.

आता तो खरखराट. नवख्या माणसाला मेटलमध्ये सगळ्यात आधी खुपतो तो हाच. गिटारचा क्षीण संकेत अँप्लिफायरला झेपणार नाही इतका वाढवला की लाटांचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून नवे वरचे स्वर, म्हणजे स्वयंभू स्वर, उसळून येतात. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून आपण जवारी काढतो तेव्हा तंत्र वेगळं असतं, पण हौस तीच. एका तारेतून अनेक स्वर बोलावेत. अशा आवाजात तीन-चार स्वर एकदम छेडले तर त्यांचा चिखल होतो. टिकतं ते एकच जोडपं, सा आणि प. म्हणून मेटलची गिटार मुख्यतः षड्ज-पंचमावर चालते. 'पॉवर कॉर्ड' म्हणतात तो हाच. आमच्या गाण्याच्या बाई तंबोरा लावताना "सा-प जुळलं की निम्मं गाणं झालं" म्हणायच्या. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

गायकाच्या गुरगुरण्याबद्दल एवढंच सांगतो की तो नुसता ओरडा नसतो. खऱ्या स्वरपडद्यांच्या वर घशात आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरपडदे म्हणतात. पोटातून दमसास घेऊन ते थरथरवले की तो खर्ज निघतो. नीट शिकलेला गायक तासभर गुरगुरून दुसऱ्या दिवशी व्यवस्थित बोलतो. न शिकलेल्याचा घसा आठवडाभर बसतो.

इथपर्यंत सांगितलं ते हेवी मेटल. 'अंडरग्राउंड' हा शब्द मात्र आवाजाचा नाही. तो व्यवहाराचा शब्द आहे, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. मोठी कंपनी, रेडिओ, टीव्ही, जाहिरात यांच्यातलं काहीही मधे न घेता वाजवणारे, ऐकणारे, विकणारे आणि लिहिणारे एकमेकांना थेट भेटतात, आणि बहुतेक वेळा हे चौघे एकच माणूस असतात. याला म्हणायचं अंडरग्राउंड.

याची मुळं टपालात आहेत. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये छोट्या छोट्या बँडांची लाट आली होती, आयर्न मेडन, सॅक्सन, डायमंड हेड वगैरे. त्यांच्या तबकड्या अमेरिकेत सहज मिळत नसत. मग मुलं एकमेकांना पत्रं लिहू लागली: माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे काय आहे, यादी पाठव. कोरी कॅसेट भरून पाठवायची, त्या बदल्यात दुसरी भरून यायची. आपल्याकडे त्याच काळात दुकानात यादी देऊन कॅसेट 'भरून' घेत असत, तेच काम ही मंडळी देशोदेशी फुकटात करत होती. पाकिटात कॅसेटबरोबर चार-पाच चिटोऱ्या कोंबलेल्या असत, ओळखीच्या बँडांच्या हाताने काढलेल्या जाहिराती. पाकीट पुढे गेलं की चिटोऱ्याही पुढे. पोरांच्या खिशात टपालखर्चाचे पैसे नसत, म्हणून तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा. शिक्का त्या थरावर बसतो, पाण्यात धुतला की निघून जातो आणि तिकीट पुन्हा कोरं. पत्राच्या शेवटी 'माझी तिकिटं परत पाठव' हे ठरलेलं वाक्य असे. सरकारी टपालखात्याची ही शुद्ध फसवणूक होती, यात शंका नाही. पण जगभरची एक अख्खी संगीतशैली तिच्यावर उभी राहिली.

प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. चौथ्या-पाचव्या पिढीच्या कॅसेटवर गाण्यापेक्षा खरखर जास्त. तरी ती जपून ठेवायची, कारण ती कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढून भरलेली असे.

हे किती परिणामकारक होतं याचा दाखला म्हणजे मेटालिका. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या या पोरांची सात गाण्यांची कॅसेट अशीच हातोहात फिरली. त्यांचा ढोलकरी लार्स उलरिक स्वतः पट्टीचा कॅसेट-देवाणघेवाणवाला. देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत, जुन्या बाजारात तबकड्यांचं दुकान मांडणाऱ्या जॉन झाझुलाच्या कानावर ती पडली. त्याने पोरांना बोलावून घेतलं आणि १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम स्वतःच काढला, कारण दुसरं कुणी काढायला तयार नव्हतं. तोच बँड २०११ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. तोवर त्यांना अंडरग्राउंड म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. आवाज बराचसा तोच होता, व्यवहार बदलला होता.

त्या टपालातूनच उपशैली फुटल्या. घराण्यांसारख्याच समजा, बाहेरच्याला सगळं सारखं वाटतं आणि आतले लोक एका मींडेवरून भांडतात. वेग आणि चीड म्हणजे थ्रॅश. त्याहून खाली उतरलेला, गुरगुरणारा तो डेथ मेटल. त्याचं एक माहेर फ्लोरिडातलं टँपा, दुसरं स्वीडनमधलं स्टॉकहोम. स्टॉकहोमच्या मंडळींचा आवाज तर जपानी कंपनीच्या एका स्वस्त गिटार पेडलची, म्हणजे पायाने दाबायच्या आवाज बदलणाऱ्या डबीची, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवल्यावर येतो तो. त्या करवतीसारख्या आवाजाला आजही लोक पेडलच्या नावानेच ओळखतात. डूम हा विलंबित ख्याल, त्याबद्दल अधिक काही सांगायची गरज नाही. आणि ग्राइंडकोर हा पुन्हा बर्मिंगहॅमचा, नेपाम डेथ या बँडचा. त्यांच्या १९८७ च्या अल्बमवर एक गाणं १.३१६ सेकंदांचं आहे आणि जगातलं सगळ्यात छोटं गाणं म्हणून त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. मी ते आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, "लाव की." मी म्हटलं, "झालं."

ब्लॅक मेटल वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या जगाला अंडरग्राउंड मेटलबद्दल जे काही माहीत असतं ते बहुतेक इथलं असतं. शब्द आला न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून. त्यांचा सैतान म्हणजे नाटक कंपनीतला राक्षस, मिश्यांना पीळ देणारा. पण १९९१ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात मेहेम या बँडचा गिटारवादक युरॉनिमसने 'हेल्वेते', म्हणजे 'नरक', नावाचं तबकड्यांचं दुकान काढलं. तिथे जमणाऱ्या विशीच्या आसपासच्या पोरांनी ते नाटक खरं मानलं. चेहऱ्याला प्रेतासारखा पांढरा-काळा रंग, मुद्दाम भिकार ध्वनिमुद्रण, म्हणजे सुबक संगीताचा सूड. इथपर्यंत ठीक. मग जून १९९२ मध्ये बर्गनजवळचं फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं, पाठोपाठ आणखी चर्चं जळाली, आणि १० ऑगस्ट १९९३ ला युरॉनिमसचा खून झाला. मारणारा बाहेरचा कुणी नव्हता. त्याच वर्तुळातला २० वर्षांचा वर्ग व्हिकर्नेस. त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. ही गोष्ट इतकी वेळा सांगितली गेली आहे की तिला आता एक झगमगाट आला आहे, आणि तो मला आवडत नाही. चार-दोन तरुणांनी केलेले ते गुन्हे होते. त्यांचं संगीत त्यामुळे मोठं झालं नाही. त्यातलं जे चांगलं आहे ते तसंही चांगलंच होतं.

आता आत्याचा प्रश्न. नाव वाचता का येत नाही?

कारण ते वाचण्यासाठी काढलेलंच नसतं, ओळखण्यासाठी काढलेलं असतं. मोडीचा जुना कागद पाहा. लपेटीदार, हात न उचलता लिहिलेला. आपल्याला जाळं दिसतं. जाणकार एका नजरेत सांगतो की हे अमुक दप्तर. मेटलचा लोगो तसाच एका दमात ओळखायचा असतो, अक्षरं लावत बसायचं नसतं. बहुतेक लोगो रांगोळीसारखे दोन्ही बाजूंनी जुळणारे असतात. पहिलं आणि शेवटचं अक्षर आरशात पाहिल्यासारखं ओढून खाली फाटे फोडायचे. या कामातला सगळ्यात नावाजलेला माणूस बेल्जियमचा क्रिस्टोफ श्पायडेल. त्याने हजारो बँडांची नावं हाताने काढली आहेत, नॉर्वेच्या एम्परर या बँडचं प्रसिद्ध नावही त्याचंच. त्याला झाडाझुडपांचं वेड. म्हणजे आत्याला मुळं दिसली यात तिची दृष्टी अधू नव्हती, उलट ती अगदी बरोबर होती.

या न वाचता येण्याचा एक उपयोगही आहे. ज्याला हे नाव वाचता येत नाही तो दुकानातून सहज टी-शर्ट उचलून नेत नाही. ज्याला येतं, तो लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसाकडे बघून नुसती मान हलवतो. दादर ते कुर्ला एवढ्या प्रवासात जुळलेल्या अशा दोस्त्या मी पाहिल्या आहेत.

कपड्यांची गोष्ट यापेक्षा गमतीची. काळं चामडं, खिळे, साखळ्या हा मेटलचा गणवेश सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुडास प्रीस्ट या बँडने रूढ केला, मुख्यतः त्यांचा गायक रॉब हाल्फर्ड याने. तोवर असे कपडे मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्यांत आणि समलिंगी पुरुषांच्या काही वर्तुळांत दिसत. जगभरच्या पोरांनी ते मर्दानगीचं शेवटचं टोक म्हणून उचलले. १९९८ मध्ये हाल्फर्डने टीव्हीवर शांतपणे सांगितलं की मी समलिंगी आहे. मेटलवाले संतापतील असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. तसं फारसं काही झालं नाही. पुढे तो आपल्या बँडमध्ये परत आला आणि लोक पूर्वीसारखेच त्याच्यासमोर मुठी उंचावत राहिले. असहिष्णू म्हणून बदनाम असलेल्या जमातीच्या हिशेबात हे जमेच्या बाजूला लिहायला हरकत नाही.

पण चामड्यापेक्षा महत्त्वाचं ते डेनिमचं बिनबाह्यांचं जॅकेट. इंग्रजीत त्याला 'बॅटल जॅकेट' म्हणतात, जर्मन लोक 'कुट्टे' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ साधूची कफनी. जुनं जॅकेट घ्यायचं, बाह्या कापायच्या आणि त्यावर आवडत्या बँडांचे कापडी बिल्ले शिवायचे. पाठीवर मधोमध एक मोठा, तो सगळ्यात लाडक्या बँडचा. बाकीचे भोवती दाटीवाटीने. आपल्याकडच्या गोधडीत आजीचं लुगडं, बाबांचा सदरा, पोराचं झबलं असतं आणि प्रत्येक तुकड्यामागे एक माणूस असतो, तसं इथे प्रत्येक बिल्ल्यामागे एक कार्यक्रम किंवा एक दोस्त असतो. हा पुण्याच्या कार्यक्रमात घेतला, हा बेंगळुरूला पावसात, हा एका कोलंबियन पोराने बदल्यात दिला.

त्याचे नियम कुणी लिहिलेले नाहीत, पण आहेत. न ऐकलेल्या बँडचा बिल्ला लावायचा नाही. बिल्ले लावून तयार मिळणारं जॅकेट विकत घ्यायचं नाही. शिवायचं हाताने, कसं का येईना. डेनिम जाड म्हणून साधा दोरा तुटतो, तेव्हा बरेच जण दात साफ करायचा फ्लॉसचा धागा वापरतात. आणि सगळ्यात वादग्रस्त नियम म्हणजे जॅकेट धुवायचं नाही. मुंबईच्या मे महिन्यात हा नियम पाळणारा माणूस मला तत्त्वनिष्ठ वाटतो, पण मी त्याच्या शेजारी उभा राहत नाही.

देशोदेशी हा वेश बदलत गेला. आफ्रिकेतल्या बोत्स्वानात मेटलवाले डोक्यापासून पायापर्यंत चामड्यात, वर काउबॉयची टोपी, झालरी, शिंगं. तो गुराख्यांचा देश, त्यामुळे त्यांच्या अंगावर ते उसनं वाटत नाही. इंडोनेशियातल्या व्हॉइस ऑफ बाचेप्रोत या बँडमधल्या तिघी मुली हिजाब घालून वाजवतात आणि २०२२ मध्ये त्या जर्मनीतल्या वाकनच्या महोत्सवात वाजवून आल्या. आपल्या मुंबईच्या गटस्लिट या बँडचा बेसवादक पगडी बांधून मंचावर येतो.

दोन बोटांची ती खूण तर आपल्याला अगदी घरची वाटायला हवी. तर्जनी आणि करंगळी वर, बाकीची मुडपलेली. लोक तिला सैतानाची शिंगं समजतात. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, १९७९ मध्ये तो सॅबथमध्ये आल्यानंतर. त्याच्या आधीही एकदोघांनी ती वापरली होती, पण डिओने सांगितलेला उगम ऐकण्यासारखा आहे. त्याची आजी इटालियन; वाईट नजर लागू नये म्हणून, किंवा लागलेली परतवायला, ती ही खूण करायची. म्हणजे हजारो माणसं मैदानात हात वर करून जे करतात ती मुळात मीठ-मोहऱ्या ओवाळायचीच क्रिया. फक्त अंगठा आत घ्या. तो बाहेर ठेवला तर अमेरिकेतल्या मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेत तिचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा होतो.

आणि धक्काबुक्की? मंचासमोर पोरं एकमेकांवर आदळतात, गोल धावतात. त्याला पिट म्हणतात. बाहेरून दंगल वाटते. आत मात्र शिस्त असते. कुणी पडला की चार हात त्याला तत्काळ उचलतात. कुणाचा चष्मा पडला तर भोवती कडं होतं. ज्याला आदळायचं नाही तो कडेला उभा राहतो, त्याला ओढायचं नाही. दहीहंडीत थर कोसळल्यावर खालचे जसे वरच्याला झेलतात, त्याच जातीचं हे भान. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा कार्यक्रमांच्या चित्रफिती तपासल्या. पिटमधली माणसं वायूच्या रेणूंसारखी हलतात आणि गोल धावणाऱ्यांचा भोवरा बनतो, असं त्यांनी शोधनिबंधात दाखवलं. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडे पाहून हालचाल करायची एवढे साधे नियम संगणकात घातले तरी तेच चित्र उमटतं.

मुंबईचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे माझं मन जरा गुंततं. धोबी तलावाजवळचं रंगभवन. उघड्यावरचा मंच, दगडी पायऱ्या. १९८६ पासून सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव तिथे भरायचा. तिकीट स्वस्त, ध्वनियंत्रणा बेताची, आणि पाऊस आला तरी कुणी हलत नसे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला शांतता क्षेत्राचे नियम कडक झाले आणि रंगभवनात वाजवणं बंद झालं. रुग्णालयं शेजारी आहेत, नियम चुकीचा नव्हता. पण एक घर गेलं ते गेलं. मग कधी जुहूचा क्लब, कधी कॉलेजचे महोत्सव, कधी कुणाचं तरी उपनगरातलं सभागृह, आधी भलत्याच कारणासाठी आरक्षित केलेलं.

याच काळात, २००० मध्ये, साहिल मखिजाने डेमोनिक रिझरेक्शन हा बँड उभा केला. त्याला पुढे कुणी कंपनी मिळेना म्हणून त्याने स्वतःच कंपनी काढली, कार्यक्रमही स्वतःच भरवले. नंतर त्याच अंगाने स्वयंपाकाचे कार्यक्रमही केले, तो भाग वेगळा. २०१७ चा त्यांचा अल्बम 'दशावतार' मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक अवतार घेऊन जातो. कोकणात रात्र रात्र दशावतार पाहिलेल्या माणसाला गुरगुरणारा नरसिंह अजिबात परका वाटू नये. दुसरीकडे स्क्राइब हा बँड. त्यांच्या अल्बमांची नावं 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो'. हिंदी सिनेमाचे खलनायक घेऊन सैतानाची खिल्ली उडवायची कल्पना नॉर्वेच्या पोरांना सुचणं शक्य नव्हतं. आणि भयानक मौत या बँडला नावाचं भाषांतर कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

१७ मार्च २००७ ला आयर्न मेडन बेंगळुरूला आले तेव्हा देशभरातून पोरं तिकडे धावली. पुढे २०१२ पासून बेंगळुरू ओपन एअर हा महोत्सव सुरू झाला. त्याची दोरी वाकनशी जोडलेली. वाकन हे उत्तर जर्मनीतलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. १९९० मध्ये तिथे पहिल्या महोत्सवाला आठशेच्या आसपास लोक होते, आता पाऊण लाखाहून अधिक येतात आणि गावच्या अग्निशमन दलाचं बँडपथकही मंचावर वाजवतं. पंढरपूरच्या लोकांना आषाढीची जशी सवय झालेली असते, तशी त्या गावाला या काळ्या कपड्यांच्या वारीची झाली आहे.

या सगळ्याची काळी बाजूही आहे, आणि ती नॉर्वेच्या चर्चांपेक्षा आपल्या जास्त जवळची आहे. एक, 'पोझर', म्हणजे नुसता आव आणणारा, शोधण्याची खोड. नव्या पोराने टी-शर्ट घातला की "तीन गाणी सांग बघू" म्हणून त्याची तोंडी परीक्षा. मुलगी असेल तर हमखास. ब्रिटनच्या गर्लस्कूल या चौघी १९७८ मध्येच वाजवू लागल्या, बोल्ट थ्रोअरच्या जो बेंचने डेथ मेटलचा बेस कसा वाजवायचा हे एका पिढीला शिकवलं, तरी पिटमध्ये गर्दीचा फायदा घेणारे हात अजून संपलेले नाहीत. दोन, ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात उघड नाझी विचारांचे बँड आहेत. आपल्या पोरांना ते पटकन कळत नाही. दारावर स्वस्तिक पाहत वाढलेला मुलगा बिल्ल्यावरची ती तिरपी आकृती पाहून दचकत नाही. आणि ज्या बँडचा बिल्ला तो प्रेमाने शिवतो, तो बँड त्याच्यासारख्या सावळ्या माणसाला माणूसच मानत नसतो. म्हणून शिवण्याआधी विचारावं. तीन, मुंबईतला हा संसार बराच काळ इंग्रजी माध्यमाचा आणि गिटार परवडणाऱ्यांचा होता. मी मराठी शाळेतला. रंगभवनच्या पायऱ्यांवर गाणी पाठ होती तरी बोलायची भीती वाटायची. आता कल्याण-विरारकडची पोरं वाजवताना दिसतात, मंचावरून मध्येच मराठीत शिवी ऐकू येते आणि मला उगाच बरं वाटतं.

पैसा यात जवळपास नाही. अल्बमच्या तीनशे-पाचशे प्रती काढायच्या, टी-शर्ट विकून प्रवासखर्च काढायचा, गिटारवाल्याने दिवसा नोकरी करायची. ढोल-ताशा पथकातली पोरं तीन महिने सराव करतात, स्वतःचे पैसे घालतात, हाताला फोड आणतात, आणि मिरवणुकीच्या दिवशी तो नाद कानाने नाही, छातीने ऐकतात. 'हे कशासाठी करता' असं आपण त्यांना विचारत नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी भाचा गॅलरीत बसून जॅकेटवर नवा बिल्ला शिवत होता. फ्लॉसचा धागा, बोटाला दोनदा टोचलेली सुई. आत्या बराच वेळ दारातून बघत होती. मग येऊन त्याच्या हातातून जॅकेट घेतलं, नाकाला पदर लावला, उलटंपालटं केलं. "हा धावदोरा घातलायस होय? चार दिवसांत उसवेल. कडेने काजाचा टाका घाल." आतल्या खोलीतून तिने गोधडीची जाड सुई आणली आणि पहिले दहा-बारा टाके स्वतः घालून दिले. मग बिल्ला हातभर लांब धरून पाहिला. "याचं नाव काय म्हणालास?"

भाच्याने सांगितलं. तिने एकेक फाटा बोटाने चाचपत पहिलं अक्षर शोधलं.